पाटीवरचा गुलाब

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘फ्रान्समधील एका ऐतिहासिक गुलाबबागेची भेट’ असा छापला आहे. त्यामुळे काही श्रोते प्रवासवर्णन ऐकायला मिळेल, निदान चार रंगीत छायाचित्रं पडद्यावर दिसतील, अशा अपेक्षेनं आले असतील. छायाचित्रं आम्ही आणलेली नाहीत. आम्ही त्या बागेचं परीक्षण करणार आहोत, एखाद्या ग्रंथाचं करावं तसं. आपल्याकडे नाटकाचं परीक्षण होतं, कादंबरीचं होतं, गाण्याच्या मैफलीचं होतं. बाग मात्र ‘छान होती हो’ म्हणून सोडून दिली जाते. साध्या बागेपुरतं ते ठीक आहे. पण जी बाग स्वतःला ‘ऐतिहासिक’ म्हणवते, ती भूतकाळाविषयी काहीतरी विधान करत असते. आणि विधान केलं, की ते खरं कशावरून, हे विचारायचा हक्क ऐकणाऱ्याला मिळतो. आमचा सगळा जन्म हाच प्रश्न विचारण्यात गेला, तेव्हा सवयीचा परिणाम समजा.

बाग आहे लाई-ले-रोझ या गावी. पॅरिसच्या दक्षिणेला, साधारण आठ किलोमीटरवर. उपनगरी गाडीनं बूर-ला-रेन स्टेशनावर उतरायचं आणि पुढे बसनं जायचं. गावाचं मूळ नाव नुसतं ‘लाई’. ‘ले-रोझ’ म्हणजे ‘गुलाबांचं’, हे शेपूट 1914 साली अधिकृतपणे जोडलं गेलं, ते या बागेमुळे. बागेला गावाचं नाव मिळतं हे आपण नेहमी पाहतो. इथे गावानं बागेचं नाव घेतलं. नावांच्या देवघेवीची ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजचं सगळं बोलणं नावांभोवतीच फिरणार आहे.

ही बाग ज्यानं केली तो ज्यूल ग्राव्हरो हा राजा नव्हता, सरदार नव्हता, वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हता. ‘बाँ मार्शे’ हे पॅरिसमधलं प्रचंड मोठं दुकान. त्या दुकानात काम करून तो श्रीमंत झाला, निवृत्त झाला, लाईला जागा घेऊन राहिला आणि 1894 च्या सुमारास गुलाब गोळा करू लागला. 1899 साली एदुआर आंद्रे या नामांकित उद्यानरचनाकारानं त्याला बागेचा आराखडा करून दिला. फक्त गुलाबासाठी आखलेली पहिली बाग, असा तिचा उल्लेख केला जातो. 1910 च्या आसपास तिथे सुमारे 8,000 प्रकारचे गुलाब होते असं सांगतात. म्हणजे त्या काळी माहीत असलेला जवळजवळ प्रत्येक गुलाब! आज सुमारे 3,000 आहेत. मधल्या काळात दोन महायुद्धं झाली, मालक बदलले. 1937 साली बाग सरकारी झाली.

दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाची ही बाग आहे, हे आत शिरल्यावर दहा मिनिटांत कळतं. हे आम्ही उणेपणानं म्हणत नाही. मोठ्या दुकानात जसे विभाग असतात, तसे इथे गुलाबांचे विभाग आहेत. गॅलिका गुलाब एकीकडे, रुगोसा एकीकडे, चहाच्या वासाचे ‘टी’ गुलाब वेगळे, अतिपूर्वेकडचे वेगळे, फ्रेंच आधुनिक वेगळे, परदेशी आधुनिक वेगळे. असे 13 संग्रह. मधोमध पाण्याचं कुंड, त्यापलीकडे लाकडी जाळीचा मोठा घुमट, आणि त्यावर चढलेला ‘आलेक्सांद्र जिरो’ नावाचा वेल-गुलाब. जूनमध्ये हा घुमट गडद गुलाबी रंगानं असा काही भरतो की लोक बोलायचे थांबतात. आम्हीही थांबलो. त्या घुमटावर टीका करण्याचा आमचा मुळीच विचार नाही.

टीका आहे ती पाट्यांवर.

प्रत्येक रोपाशी एक लहानशी पाटी असते. जातीचं नाव, वर्ग, कोणी निर्माण केली, कोणत्या साली. आपण फूल पाहतो, मग वाकून पाटी वाचतो, मग पुन्हा फूल पाहतो. दुसऱ्यांदा पाहताना ते फूल पहिल्यासारखं राहत नाही. ‘1853’ वाचल्यावर त्या पाकळ्या जुन्या दिसू लागतात. आता बघा, ते फूल त्या सकाळी उमललेलं असतं! त्यात जुनं काय आहे?

इथे तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न चिखलात उभा असलेला दिसतो. गुलाबाची नामांकित जात बियांपासून तशीच्या तशी मिळत नाही. बी पेरलं तर वेगळंच काही उगवतं. म्हणून डोळा भरावा लागतो. रानटी गुलाबाचं खुंटरोप घ्यायचं, सालीला काप द्यायचा, हव्या त्या जातीचा डोळा त्यात बसवायचा, बांधायचं. म्हणजे मूळ एकाचं आणि फूल दुसऱ्याचं. झाड म्हातारं झालं, मेलं, की त्याआधीच घेतलेल्या डोळ्यावर पुढचं झाड. ‘ग्लुआर द दिजों’ 1853 सालचा आहे असं पाटी म्हणते, तेव्हा 1853 पासून एकच झाड उभं आहे असा अर्थ नसतो. मग काय टिकून आहे? मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, की रात्रभर जळणारा दिवा पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी एकच का वेगळा? ज्योत तीच नाही, पण तिच्यावाचून वेगळीही नाही. ती एक मालिका आहे. गुलाबाची जात ही अशी ज्योत आहे. फरक इतकाच, की या ज्योतीत दर काही वर्षांनी कोणीतरी तेल घालावं लागतं. 8,000 चे 3,000 झाले, त्यात युद्ध आणि हवामान यांचा वाटा असेल, पण वेळेवर डोळे भरले गेले नाहीत हाही त्याचा अर्थ आहे. जर्मनीत झांगरहाउझन इथे 1903 साली सुरू झालेली अशीच बाग आहे, आणि आज तिचा संग्रह लाईपेक्षा मोठा आहे. इतरत्र नाहीसे झालेले कितीतरी गुलाब तिथे सापडले. पूर्व जर्मनीच्या काळात तिथल्या माळ्यांनी शांतपणे डोळे भरणं चालू ठेवलं म्हणून.

पाटीवर निर्माता असतो, साल असतं. डोळा भरणारा नसतो. आमची पहिली तक्रार ही आहे. ऐतिहासिक बागेचा इतिहास म्हणजे मुख्यतः या हातांचा इतिहास आहे आणि तोच बागेत वाचायला मिळत नाही.

आता थोडं मालमेझोंकडे वळावं लागेल, कारण फ्रान्समधली ‘ऐतिहासिक गुलाबबाग’ म्हटलं की लोकांच्या मनात आधी तीच येते. पॅरिसच्या पश्चिमेचा हा वाडा नेपोलियनची पहिली पत्नी जोसेफिन हिनं 1799 साली घेतला. तिनं जगातले सगळे गुलाब जमवले, 250 जाती होत्या, युद्ध चालू असतानाही तिच्यासाठी इंग्लंडहून रोपं येत होती, रदूतेनं तिच्या गुलाबांची चित्रं काढली. ही कथा आपण मराठी मासिकांतही वाचलेली आहे. यातली लंडनच्या ली आणि केनेडी यांच्या रोपवाटिकेतून रोपं येत असल्याची गोष्ट खरी आहे. बाकीचं जरा तपासून घ्यावं. जोसेफिन 29 मे 1814 ला वारली. रदूतेचा ‘ले रोझ’ हा प्रसिद्ध ग्रंथ 1817 ते 1824 या काळात निघाला, म्हणजे तिच्या पश्चात, आणि त्यात इतर अनेक बागांतले गुलाब आहेत. तिच्या हयातीत मालमेझोंच्या वनस्पतींवर जो देखणा ग्रंथ व्हाँतनानं लिहिला, त्याचा भर दूरदेशीच्या नवलाच्या झाडांवर आहे, गुलाबांवर नव्हे. तिच्याकडच्या गुलाबांची तिच्या काळात केलेली यादी हाती नाही. यादी केली ती सुमारे शंभर वर्षांनी. कोणी? आपल्या ग्राव्हरोनं! जोसेफिनच्या काळात कोणते गुलाब अस्तित्वात होते याचा शोध घेऊन त्यानं मालमेझोंला रोपं दिली, 1912 साली ‘सम्राज्ञी जोसेफिनचे गुलाब’ या नावाचं पुस्तक काढलं, आणि लाईच्या आपल्या बागेतही ‘मालमेझोंचे गुलाब’ असा एक विभाग केला. आजही तो आहे.

म्हणजे ‘असू शकले असते’ हे हळूहळू ‘होते’ झालं. तर्कशास्त्राच्या वर्गात पहिल्या सहामाहीत हा दोष शिकवतात. आणि याचं सर्वांत गोड उदाहरण म्हणजे ‘सुव्हनीर द ला मालमेझों’, ‘मालमेझोंची आठवण’ नावाचा फिकट गुलाबी, दाट पाकळ्यांचा गुलाब. हे नाव वाचून पाहुण्यांना वाटतं की हा राणीच्या बागेतला. तो लियों शहरात बेलूझनं 1843 साली काढला. राणीला जाऊन 29 वर्षं झाली होती. इतकंच नव्हे, तो ज्या ‘बूर्बों’ वर्गातला आहे, त्या वर्गाचं बी पॅरिसला पोचलं तेच तिच्या मृत्यूनंतर. म्हणजे तो गुलाब मालमेझोंची आठवण ठेवू शकेल असा कोणताच मार्ग नव्हता. आठवण ठेवायला आधी तिथे असावं लागतं!

बूर्बों वर्गापाशी मात्र आम्ही लाईच्या बागेत जास्त वेळ थांबलो, आणि त्याला कारण घरचं आहे. बूर्बों म्हणजे हिंदी महासागरातलं बेट, आजचं रेयुन्यों. तिथे शेताच्या कुंपणाला दोन प्रकारचे गुलाब लावत. एक चिनी वंशाचा, एक दमास्क. त्यांचा आपोआप संकर होऊन जे झाड आलं त्याला तिथे ‘रोझ एदुआर’ म्हणू लागले. या एदुआरचं बी पॅरिसला गेलं आणि बूर्बों वर्ग जन्मला. आणि हाच एदुआर आपल्याकडे आला तो ‘एडवर्ड’ होऊन. गुलकंदाचा एडवर्ड गुलाब, खुंटरोपासाठी वापरतात तो एडवर्ड. नाव ऐकून आपल्याला इंग्लंडचा राजा आठवतो. राजाचा काही संबंध नाही. एका फ्रेंच बेटावरच्या कुंपणातलं झाड आहे ते. तसं म्हटलं तर आपला ‘गुलाब’ हा शब्द तरी कुठे फुलाचा आहे? फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. अत्तरदाणीतल्या पाण्याचं नाव आपण फुलाला दिलं आणि पाण्याला पुन्हा ‘गुलाबपाणी’ म्हणून मोकळे झालो.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल. पण एका जागी ते हसण्यावारी नेता येत नाही, आणि आमचा मुख्य मुद्दा तोच आहे.

लाईच्या बागेत ‘गुलाबाच्या इतिहासाची वाट’ आहे. रानटी गुलाबापासून सुरुवात करून आजच्या गुलाबापर्यंत चालत जायचं. रचना फार हुशारीची आहे. चालणं हाच युक्तिवाद आहे. पाच पाकळ्यांचं साधं फूल, मग गॅलिका, दमास्क, शंभर पाकळ्यांचा सेंटिफोलिया, मग चीनचे गुलाब येतात, संकर होतात, आणि 1867 साली लियोंचा गियो ‘ला फ्रांस’ काढतो. गुलाबाच्या इतिहासात 1867 हे इसवी सनासारखं आहे. त्याआधीच्या वर्गांतले ते ‘जुने’, नंतरचे ‘आधुनिक’. गंमत अशी, की ‘ला फ्रांस’चे आईबाप कोण हे खुद्द गियोलाही खात्रीनं सांगता आलं नव्हतं, आणि ज्या ‘हायब्रिड टी’ वर्गातला तो पहिला म्हणतात, तो वर्ग मानला गेला बराच नंतर. युग सुरू झालं तेव्हा ते सुरू झाल्याचं कोणाला ठाऊक नव्हतं. असो, इतिहासात हे चालायचंच.

पण या वाटेवर चालताना मनावर ठसतं काय? की जुना गुलाब वर्षातून एकदाच फुलत असे, हा त्याचा उणेपणा होता, आणि युरोपातल्या कुशल माणसांनी तो दूर केला. आम्ही जूनची तारीख मुद्दाम सांगितली होती ती याचसाठी. गॅलिका जुलैत पाहायला गेलात तर हिरवं झुडूप दिसेल, दुसरं काही नाही. आता वस्तुस्थिती अशी, की वारंवार फुलण्याचा गुण युरोपात, एका दमास्क गुलाबाचा अपवाद सोडला, तर नव्हताच. तो आला चीनमधून. आणि तिथे तो आपोआप पडलेला नव्हता. सुंग राजवटीच्या काळात, म्हणजे सुमारे 1,000 वर्षांपूर्वी, चिनी कवी या गुलाबावर लिहीत होते. त्याचं चिनी नावच ‘युएजी’, महिन्यामहिन्याला येणारा. अनेक पिढ्यांच्या माळ्यांनी तो निवडला, जपला, वाढवला.

शास्त्रज्ञांनी अलीकडे दाखवलं आहे, की हा गुण म्हणजे काही नवी भर नसून एक बिघाड आहे. फुलणं थांबवणारा जो जनुक असतो, त्यात मध्येच दुसरा तुकडा घुसल्यामुळे तो निकामी झाला. ब्रेक तुटला, म्हणून गाडी थांबत नाही! असं सदाफुली झुडूप कोणीतरी पहिल्यांदा पाहिलं, त्याचं मोल ओळखलं आणि त्याची कलमं केली. गुण अप्रकट असल्यामुळे युरोपातल्या पहिल्या संकरांत तो दिसलाही नाही, पुढच्या पिढीची वाट पाहावी लागली. चिनी माळ्याची नजर किती तीक्ष्ण असेल ते यावरून कळावं.

आता हे चिनी गुलाब ज्या नावांनी युरोपच्या पुस्तकांत उभे आहेत ती नावं ऐका. ‘स्लेटरचा तांबडा’, ‘पार्सन्सचा गुलाबी’, ‘ह्यूमचा फिकट’, ‘पार्क्सचा पिवळा’. 1792 ते 1824 या काळात ज्यांनी ते इंग्लंडात आणले किंवा आपल्या बागेत फुलवले, त्यांची ही नावं. त्यांतलं एकही फूल या चौघांपैकी कोणी निर्माण केलेलं नाही. फ्रेंच लोक या वर्गाला काय म्हणत? ‘बंगालचे गुलाब’. का? तर ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं कलकत्त्यावरून येत म्हणून. लिनियसनं तर 1753 सालीच एका चिनी गुलाबाला ‘रोझा इंडिका’ असं नाव देऊन ठेवलं होतं. म्हणजे चीनचं फूल, नाव हिंदुस्थानचं, आणि मान इंग्रजाचा. ‘इंडिका’ वाचून आमच्याबरोबरच्या एका भारतीय गृहस्थांची छाती फुगली होती. त्यांना आम्ही वस्तुस्थिती सांगितली. त्यानंतर परतीच्या बसमध्ये ते फारसे बोलले नाहीत.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? वास तर तोच येतो ना! हे वाक्य बागेत सगळेच म्हणतात. पण ज्या बागेत नावाशिवाय दुसरा पुरावाच नाही, तिथे हे म्हणून चालत नाही. नैयायिकांनी विचारलं होतं की शब्दाचा अर्थ काय, समोरची व्यक्ती, तिची आकृती, की तिची जाती? आणि गौतमानं उत्तर दिलं की तिन्ही. बागेच्या पाटीत चौथीही गोष्ट असते: कोणाचं ऋण मान्य केलं आहे. ‘मादाम कारोलिन तेस्तू’ या 1890 च्या गुलाबाच्या पाटीवर एका शिवणकाम करणाऱ्या व्यावसायिक बाईचं नाव आहे, कारण तिला आपल्या दुकानाची जाहिरात हवी होती. ती अमर झाली. मेयां कुटुंबाचा तो प्रसिद्ध पिवळा-गुलाबी गुलाब फ्रान्समध्ये ‘मादाम आ. मेयां’ आहे, म्हणजे निर्मात्याची आई. जर्मनीत तोच ‘ग्लोरिआ देई’, इटलीत ‘जोया’, आणि 29 एप्रिल 1945 ला अमेरिकेत त्याचं नाव जाहीर झालं ‘पीस’, शांतता. महायुद्धाआधी डोळे चार दिशांना गेले, युद्धामुळे पत्रव्यवहार तुटला, आणि जो तो आपल्या मनातलं नाव देत गेला. कोणी आई म्हटली, कोणी देव, कोणी आनंद, कोणी शांतता. फूल एकच. फ्रेगे वाचलेल्यांना सकाळचा तारा आणि संध्याकाळचा तारा आठवेल. एका गुलाबाला चार नावं परवडतात, तर चिनी गुलाबाच्या पाटीवर दुसरं एक नाव मावणार नाही काय?

ग्राव्हरोला आम्ही यात दोषी धरत नाही. त्याचा 1902 चा सूचीग्रंथ आहे, ‘लाई येथे लावलेले गुलाब’, आणि त्याचं उपशीर्षक आहे ‘वर्गीकरणाचा एक प्रयत्न’. प्रयत्न! एवढा मोठा संग्रह जमवूनही त्यानं ‘व्यवस्था’ किंवा ‘शास्त्र’ म्हटलं नाही. मालमेझोंच्या बाबतीत तो भावनेला थोडा बळी पडला, पण वर्ग पाडताना त्यानं आपला हात राखून ठेवला आहे. बागेतल्या पाट्यांवर मात्र हा ‘प्रयत्न’ शब्द कुठे दिसत नाही. तिथे सगळं ठरलेलं आहे.

म्हणून आमचा निवाडा असा: वर्गीकरण म्हणून लाईची बाग अव्वल आहे, मालमेझोंपेक्षा कितीतरी प्रामाणिक. इतिहास म्हणून ती अर्धी आहे. तिच्यात निर्माते आहेत, आणणारे आहेत, ज्यांना अर्पण केलं ते सेनापती आणि बायका आहेत. ज्यांनी डोळे भरले ते नाहीत, आणि ज्यांनी पहिला सदाफुली गुलाब ओळखला ते नाहीत. ज्याला इंग्रजीत ‘ओल्ड ब्लश’ किंवा ‘पार्सन्सचा गुलाबी’ म्हणतात, त्याला चिनीत ‘युएयुए फेन’ म्हणतात, म्हणजे ‘दर महिन्याचा गुलाबी’. हे तीन अक्षरांचं नाव पाटीवर वरच्या ओळीत लिहायचं आणि पार्सन्स खाली घ्यायचा. खर्च एका पाटीचा.

जाणार असाल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जा, आठवड्याच्या मधल्या वारी, आणि सकाळी दार उघडताच. इतिहासाची वाट उलटी चाला, आधुनिकाकडून रानटीकडे. मग वास वाढत जातो की नाही ते आम्हाला कळवा. संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, वेळ संपली म्हणून. प्रश्न घेऊ.